हद्दीबाहेरच्या घरांना फी भरली तरच बंब, ही सूचना कशी वाटते?

करवीरवासी (धागाकर्ता)

कोल्हापुरातल्या आमच्या पेठेतल्या एका बैठकीत हद्दवाढीवरून, म्हणजे शेजारची गावं महापालिकेत घेण्यावरून, नेहमीसारखी वादावादी झाली. त्यात एकानं एक सूचना मांडली आणि बऱ्याच जणांनी माना डोलावल्या, म्हणून हा धागा काढतोय. सूचना अशी: महापालिकेचा घरफाळा आपण भरतो, त्यातून अग्निशमन दल चालतं. पाचगाव, उचगाव, कळंबा, मोरेवाडी, गांधीनगर इकडची मंडळी हद्दवाढ नको म्हणतात, पण आग लागली की फोन आपल्याच दलाला करतात. तर त्यांच्यासाठी वर्षाची ऐच्छिक फी ठेवा. भरली त्याच्याकडे बंब जाईल, नाही भरली त्यानं आपलं आपण बघावं.

पहिल्यांदा ऐकताना यात वावगं काही वाटत नाही. मला मात्र ही सूचना मुळातूनच चुकीची वाटते.

हा प्रयोग झालेला आहे. अमेरिकेत टेनेसी राज्यात साऊथ फुल्टन नावाचं लहान शहर आहे. त्याच्या हद्दीबाहेरच्या ग्रामीण घरांना शहराचं अग्निशमन दल हवं असेल तर वर्षाला ७५ डॉलर भरावे लागत. सप्टेंबर २०१० मध्ये तिथल्या एका घराला आग लागली. त्या घराची फी भरलेली नव्हती. घरमालक फोनवर सांगत होता की काय लागेल ते पैसे देतो, पण या. दल आलं नाही. थोड्या वेळानं आग शेजाऱ्याच्या शेताकडे सरकली. शेजाऱ्यानं फी भरलेली होती, म्हणून मग बंब आला, जवानांनी शेजाऱ्याची हद्द राखली आणि पलीकडचं घर डोळ्यांदेखत जळू दिलं. घरातली कुत्री-मांजरं मेली. पुढच्या वर्षी, डिसेंबर २०११ मध्ये, त्याच भागात पुन्हा तसंच घडलं.

मी त्या जवानांना दोष देत नाही. त्यांना नियमच तसा घालून दिला होता. पण फी खरोखर ऐच्छिक ठेवायची तर कधी ना कधी कुणाचं तरी घर जळू द्यावंच लागतं. न भरणाऱ्याचीही आग विझते हे एकदा कळलं की पुढच्या वर्षी कोण भरेल? म्हणजे फी वसूल होण्यासाठी अधूनमधून एक घर राख झालेलं दिसलं पाहिजे. हे आपल्या पाचगावात, आपल्या कळंब्यात करायची आपली तयारी आहे का?

लंडनचाही इतिहास बघण्यासारखा आहे. १६६६ च्या मोठ्या आगीनंतर तिथे आगीचा विमा सुरू झाला आणि विमा कंपन्यांनी स्वतःची दलं ठेवली. विमा उतरवलेल्या घरावर कंपनीचा धातूचा बिल्ला लावत. बिल्ला नसलेली घरं ही दलं सरसकट सोडून देत, असं सांगितलं जातं. ते बरंचसं अतिरंजित आहे, कारण शेजारचं घर पेटलं की आपलंही जाणार हे कंपन्यांना कळत होतं. १८३३ मध्ये कंपन्यांनी आपली दलं एकत्र केली. पण त्या दलाचं काम मालमत्ता वाचवणं. माणसं उतरवायच्या शिड्या एक वेगळी संस्था देणग्यांवर चालवत होती! १८६१ मध्ये टूली स्ट्रीटच्या गोदामांना आग लागली, दलाचे प्रमुख जेम्स ब्रेडवूड भिंत कोसळून गेले, आणि कंपन्यांनी सरकारला सांगितलं की हे आता आम्हाला झेपत नाही. १८६५ मध्ये कायदा झाला आणि आगीचं काम सार्वजनिक पैशातून सुरू झालं. कुणा समाजवाद्यानं हट्ट धरला म्हणून नव्हे, धंदा करणाऱ्यांनीच हात वर केले म्हणून.

मी स्वतःपुरती एक कसोटी ठरवलीय. न भरणाऱ्याला ती सेवा नाकारता येते का, आणि नाकारली तर नुकसान त्याच्या एकट्यापुरतं राहतं का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर फी ठेवा. एकाचं जरी ‘नाही’ असेल तर कर. तुम्हाला काय वाटतं?

फौंड्रीवाला

विरोधी मत मांडतो, राग नसावा.

मी शिरोलीला कारखाना चालवतो. एमआयडीसीचं स्वतःचं अग्निशमन दल आहे, आम्ही सेवा शुल्क भरतो आणि ते कशाचं आहे हे आम्हाला माहीत असतं. काही कमी-जास्त झालं तर जाब विचारायला जागा असते. उलट शहरातल्या माझ्या घराच्या घरफाळ्याच्या बिलात एका खाली एक रकाने असतात. त्यातली किती रक्कम बंबांवर खर्च झाली, किती पगारावर गेली, किती दुसरीकडेच वळली, हे तुमच्यापैकी कुणी सांगू शकेल का? कर एकदा तिजोरीत पडला की त्याचा माग लागत नाही. फीचा पैसा निदान डोळ्यांसमोर राहतो.

आणि दुसरं. घरफाळा न वाढू देता सेवा मात्र घ्यायची, हा पलीकडच्या गावांचा हिशेब आहेच. तो चुकीचा आहे असं म्हणायला आपण कचरतो. टेनेसीचं घर जळलं ते वाईट झालं, पण ७५ डॉलर न भरणाऱ्याची काहीच जबाबदारी नाही का?

पाचगावकर

फौंड्रीवाले साहेब, आम्ही फुकटे आहोत हे ऐकून ऐकून कान किटले, आज नीट उत्तर देतो.

आम्ही ग्रामपंचायतीचा घरफाळा भरतो, पाणीपट्टी भरतो. साबणाच्या वडीपासून मोटरसायकलपर्यंत सगळ्यावर जीएसटी भरतो. पेट्रोलवरचा कर भरतो. जकात गेली, मग एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तोही १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला, आणि तेव्हापासून महापालिकेला राज्याकडून अनुदान मिळतं. त्या राज्याच्या तिजोरीत पाचगावचा पैसा नाही का?

शहराला आता काळम्मावाडीचं पाणी थेट पाईपलाईननं मिळतं. धरण राधानगरी तालुक्यातलं. पन्नासेक किलोमीटर पाईप गावागावांतून टाकत आणला. उद्या त्या गावांनी म्हटलं की आमच्या वेशीवरून पाणी न्यायची फी द्या, तर चालेल?

आता खरा प्रश्न. आमच्या गल्लीत निम्मी घरं भाड्यानं दिलेली आहेत. शिकणारी पोरं राहतात, एमआयडीसीतले कामगार राहतात. ही ऐच्छिक फी मालकानं भरायची की भाडेकरूनं? मालक पुण्यात, त्यानं भरली नाही, आणि वरच्या मजल्यावर चार पोरं अडकली. बंब पाठवायचा की नाही? मला सरळ हो किंवा नाही सांगा.

पेठेतली

पाचगावकर, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देता येणार नाही कुणाला. मी हद्दवाढीच्या बाजूची आहे, तरी हे लिहितेय.

निवृत्त जवान

मी या कामातनं निवृत्त झालोय. कुठल्या शहरात होतो ते महत्त्वाचं नाही, काम सगळीकडं सारखंच.

वर्दी आली की फोनवर काय विचारतात ते सांगतो. पत्ता, जवळची खूण, काय पेटलंय, आत माणसं आहेत का, सिलेंडर आहे का, गल्लीत गाडी वळेल का. हे विचारेपर्यंत गाडी बाहेर पडलेली असते. आता या यादीत अजून एक प्रश्न घाला, ‘पावती आहे का?’ फोन करणारा बहुतेक वेळा घरमालक नसतोच. रस्त्यानं जाणारा असतो, समोरचा दुकानदार असतो, लहान पोरगंसुद्धा असतं. त्याला काय म्हाईत कुणी काय भरलंय. रात्री दोन वाजता यादी कोण काढणार, त्यात नाव कसं लिहिलंय ते कोण बघणार? तेवढ्या मिनिटांत एका खोलीची आग घरभर होते.

दुसरी गोष्ट. ज्यानं जुन्या पेठांतली घरं बघितलीत त्याला हे समजवायला नको. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ, गुजरीच्या मागच्या गल्ल्या. भिंत सामाईक, वर लाकडी तुळया, एका घराचा माळा दुसऱ्याच्या माळ्याला लागलेला. एका घराची आग विझवायची आणि दुसऱ्याची सोडायची, असं तिथं करताच येत नाही. पाणी कुठनं मारायचं ते आग ठरवते. बऱ्याचदा शेजाऱ्याचं घर वाचवायचं तर आधी पेटलेल्या घरातच शिरावं लागतं. आणि उपनगरांत मोकळी जागा आहे म्हणता ती आता राहिली कुठं? तिथंही घराला घर लागलंय.

उसाचं तर इचारूच नका. वारा सुटला की एका बांधावरची ठिणगी चार रानं ओलांडती. जळका ऊस लवकर तुटला नाही तर वजन जातं, साखरेचा उतारा जातो, वर बिलात कपात. कुणाच्या सरीवर पाणी मारायचं आणि कुणाच्या नाही हे ठरवत बसलो तर कुणाचाच ऊस राहत नाही.

तिसरी गोष्ट पैशाची. लोकांना वाटतं अग्निशमनाचा खर्च म्हणजे आग विझवायचा खर्च. तसं नसतं. खर्च असतो तो तयार राहायचा. तीन पाळ्यांत माणसं, भरलेली टाकी, चालू पंप, फाटलेला होज बदलून ठेवलेला, ड्रायव्हर जागा. महिनाभर आग लागली नाही तरी तो खर्च तेवढाच. आग लागल्यावर गाडी जाती-येती त्याचं डिझेल म्हणजे त्यातला किरकोळ भाग. मग हा तयारीचा खर्च दरवर्षी ‘यंदा भरतो, पुढच्या वर्षी बघू’ म्हणणाऱ्यांच्या भरवशावर कसा चालवायचा? माणसं घ्यायची आणि फी कमी आली की काढायची? जवान तयार व्हायला वेळ लागतो ओ.

शाहूपुरी

काका, तिसरा मुद्दा फार महत्त्वाचा. एवढा स्पष्ट कुणी सांगितला नव्हता.

रविवार_दुपार

ज्या गावात टोलनाके पेटले त्या गावात ही चर्चा चाललीय याचं मला आश्चर्य वाटतं. एका कंपनीनं साधारण पन्नास किलोमीटर रस्ते केले, शहराभोवती नऊ नाके उभे केले आणि ३० वर्षं टोल घेणार होते. एन. डी. पाटील सर त्या वयात रस्त्यावर बसले, गोविंद पानसरे अण्णा सभा घेत फिरले. लोक काय म्हणत होते? रस्ता ही शहराची गरज आहे, आम्ही कर भरतो, घरातून बाहेर पडायला पुन्हा पैसे देणार नाही. शेवटी टोल गेला. अण्णांना तो दिवस बघायला मिळाला नाही, त्याआधीच, फेब्रुवारी २०१५ मध्ये, त्यांचा खून झाला. ती लढाई आपण लढलो ती फीविरुद्धच होती. आता तीच फी आपण शेजारच्या गावांवर लादायची?

फौंड्रीवाला

टोलच्या आंदोलनात मीही होतो, तेव्हा तो मुद्दा मला शिकवू नका. पण त्याची दुसरी बाजूही सांगा. टोल गेला म्हणून रस्ते फुकट झाले नाहीत. कंपनीची देणी राज्य सरकारनं उचलली. म्हणजे कोल्हापूरच्या रस्त्यांचे पैसे गडचिरोलीच्या आणि नंदुरबारच्या माणसानंही भरले, ज्यानं रंकाळा कधी बघितलेला नाही. ‘करातून द्या’ म्हणताना तो कर कुणाचा, हे विचारायला नको का?

आणि पाचगावकर, तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर: बंब पाठवायचा. पोरं वर अडकलीत म्हटल्यावर मीही दुसरं काही म्हणणार नाही. माझं म्हणणं बदलून मांडतो. आधी विझवा, मग बिल पाठवा. फी आगाऊ नको, नंतर घ्या. ज्याच्याकडे आग लागली त्यानं खर्च द्यावा. याला काय हरकत आहे?

अर्थशास्त्र_शिकवते

फौंड्रीवाला यांचा गडचिरोलीचा मुद्दा खरा आहे आणि तो टाळून पुढं जाता येणार नाही. कर म्हटला की कुणाचं तरी कुणाला जातंच. प्रश्न एवढाच की ते उघडपणे, ठरवून जातंय की नकळत. टोलच्या बाबतीत ते नकळत गेलं. आधी शहरानं परवडेल का याचा विचार न करता करार केला आणि निस्तरायला राज्याला यावं लागलं. ती करांची चूक नव्हती, कराराची होती.

आता कर आणि फी यातला फरक. सर्वोच्च न्यायालयानं १९५४ च्या शिरूर मठाच्या निकालात तो मांडला. हा मठ कर्नाटकातला, आपल्या पुण्याकडच्या शिरूरचा नव्हे. कर म्हणजे सक्तीनं घेतलेला पैसा, ज्याच्या बदल्यात भरणाऱ्याला ठराविक काही मिळेलच असं नाही. फी म्हणजे विशिष्ट सेवेचा मोबदला. पुढच्या निकालांत न्यायालयानं ही सीमारेषा बरीच सैल केली, पण विचार करायला ती अजून उपयोगी पडते. दल ‘तयार राहतं’ त्याचा लाभ जवानकाकांनी सांगितल्याप्रमाणे सगळ्यांनाच मिळतो, आग न लागलेल्यालाही. मग ठराविक माणसाला ठराविक सेवा कुठं राहिली?

ऐच्छिक फीची अडचण अशी की ती भरायला आधी कोण पुढं येतं ते बघा. लाकडी घर, खाली फटाक्याचं नाहीतर कापडाचं दुकान, जुनं वायरिंग, अशी धोक्यातली माणसं आधी येतात. सिमेंटच्या घरातला म्हणतो, मला काय होतंय. भरणारे कमी आणि धोका जास्त, म्हणून दर वाढवावा लागतो. दर वाढला की अजून काही जण गळतात. शेवटी उरलेल्यांनाही परवडत नाही.

आपल्या कायद्यात याचं उत्तर रोजच्या वापरात आहे. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे गाडीचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक. तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान होऊ शकतं तेवढ्यापुरती सक्ती, तुमचं तुमचं तुम्ही ठरवा. आग ही पहिल्या प्रकारातली आहे.

आणि कोल्हापूरला हे नवीन नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड होता. ज्यांना परवडतं त्यांनी फी भरून शिकावं, असं महाराज म्हणू शकले असते. तसं तर आधी चालूच होतं, आणि त्यात कोण शिकत होतं हे सगळ्यांना माहीत आहे. गावाला शिकलेली माणसं हवीत, म्हणून खर्च दरबारनं केला.

ऊसकरी

मॅडम, तुमचं बरोबर आहे पण सगळं करातनंच झालं पाहिजे असं आम्हा शेतकऱ्यांना वाटत नाही. आमच्याकडं नदीवरनं पाणी उचलायला सहकारी पाणीपुरवठा संस्था आहेत. सभासद झाला, पाणीपट्टी भरली, तर पाणी. थकली तर चावी बंद. कुणी म्हणत नाही अन्याय झाला, कारण त्याचं पाणी तोडलं तर त्याचंच पीक वाळतं, माझं वाळत नाही. ही धागाकर्त्यांची कसोटी तिथं बरोबर लागू होते.

पीक विमाही तसाच. २०२० च्या खरिपापासून कर्जदार शेतकऱ्यालाही तो ऐच्छिक केला. घ्यायचा तो घेतो.

पण बंबाचं वेगळं. आमच्याकडं साखर कारखान्याचा बंब असतो. आग लागली की आधी तोच येतो, आणि सभासदाचं रान की बिगर सभासदाचं हे बघत नाही. बघून चालणारच नाही, जवानकाकांनी कारण सांगितलंय. तो खर्च कारखाना करतो म्हणजे शेवटी आमच्या उसाच्या बिलातनंच जातो, सगळ्यांच्या, कमी-जास्त टनावर. त्याला कुणी कर म्हणत नसलं तरी तो करच आहे की.

उत्तरेश्वरकर

वर्गणीचा मार्ग कसा वाटतो? आपल्या तालमी, मंडळं वर्गणीवर चालतात. २०१९ च्या पुरात पंचगंगेचं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा तरुण मंडळांनीच बोटी ओढल्या, जेवण दिलं. कुणी कर लावला नव्हता.

करवीरवासी

उत्तरेश्वरकर, त्या दिवसांत माणसं जशी उभी राहिली त्याचा अभिमान मलाही आहे. पण त्याच पुरातलं दुसरं आठवा. शिंगणापूर आणि बालिंग्याचे पंप पाण्याखाली गेले आणि शहर चोहोबाजूंनी पाण्यानं वेढलेलं असताना नळाला पाणी नव्हतं. २०२१ ला पुन्हा तेच. मंडळांनी पाणी वाटलं, पण पंपाची मोटर उचलून वर बसवायचं काम वर्गणीतून होत नाही. गणपती वर्गणीवर बसतो कारण यंदा कमी जमली तर मूर्ती लहान आणता येते. पाण्याची योजना यंदा अर्धी करून चालत नाही.

पाण्याबद्दल मात्र मी ऊसकरींसारखाच विचार करतो. पाणीपट्टी मीटरप्रमाणे घ्यायला माझी हरकत नाही, जास्त वापरणाऱ्यानं जास्त द्यावं. पण गरजेपुरतं पाणी कुणाचंही तोडू नये. एका चाळीचं पाणी तोडलं आणि तिथं कावीळ पसरली की ती पूर्ण गल्लीत येते.

परिचारिका

दवाखान्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

सरकारी दवाखान्यात केसपेपरला अगदी किरकोळ पैसे घ्यायचे. दहा-वीस रुपयांना काय होतंय, असं बाहेरून वाटतं. पण मी खिडकीच्या आतून बघितलंय. बाई येते, सोबत दोन पोरं, एकाला ताप. ती दोघांचे केसपेपर काढत नाही, जास्त आजारी असलेल्याचाच काढते. दुसरं पोर तीन दिवसांनी येतं, तेव्हा सलाईन लावायची वेळ आलेली असते. फीमुळे जे लोक येत नाहीत ते खिडकीसमोर दिसत नाहीत, म्हणून वाटतं फी कुणाला जड होत नाही.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यानं सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत केले. १०८ ची गाडी तर २०१४ पासून पैसे न घेता येते. अपघात झालेल्याला १०८ वाले विचारत नाहीत तुम्ही भरलंय का. तिथं आपल्याला ते बरोबर वाटतं, मग बंबाला वेगळा न्याय का?

अर्थशास्त्र_शिकवते

ताईंच्या अनुभवाला जोड देते. युगांडानं २००१ मध्ये सरकारी दवाखान्यांतली फी बंद केली, त्यानंतर येणाऱ्या रुग्णांची संख्या मोठ्या प्रमाणात वाढली, आणि वाढ गरिबांत जास्त होती. तिथं औषधांचा तुटवडाही झाला, कारण फी काढताना पुरेसा सरकारी पैसा वेळेत दिला गेला नाही. म्हणून करातून द्यायचं तर पुरेसं द्यावं लागतं, हा त्यातला दुसरा धडा.

निवृत्त जवान

फौंड्रीवाले, तुमच्या ‘आधी विझवा मग बिल पाठवा’बद्दल लिहितो. हद्दीबाहेर गाडी गेली तर नंतर शुल्क आकारायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, म्हणजे तुमची सूचना अगदीच नवीन नाही. मोठ्या गोदामाला, कारखान्याला बिल लावलं तर मला काही वाटत नाही, त्यांचा विमा असतो.

पण घराला लावू नका. ज्याचं सगळं जळून गेलंय त्याच्या हातात दुसऱ्या दिवशी बिल द्यायचं कुणी? आणि वसूल काय होणार? त्याहून वाईट म्हणजे बिल येणार हे माहीत झालं की माणूस फोन करायला उशीर करतो. आधी बादल्या मारून बघू, शेजाऱ्याला बोलवू, विझंल की. आम्हाला सगळ्यात जास्त नडतो तो हा उशीर. पहिल्या पाच मिनिटांत फोन आला असता तर एका टाकीत भागलं असतं, असं किती घरांपुढं उभं राहून म्हटलंय.

फौंड्रीवाला

काका, हे पटलं. घरांना बिल नको. कारखाने, गोदामं, मंगल कार्यालयं, कापडाची मोठी दुकानं यांना ठेवा. गांधीनगरच्या बाजारपेठेत कोट्यवधींचा माल असतो, त्यांनी द्यायला हवं.

माझा पहिला प्रश्न मात्र तसाच आहे. हिशेब कुठं दिसणार?

करवीरवासी

तो प्रश्न मी माझाच समजतो. कराची बाजू घेणाऱ्यांनीच हिशेबाची मागणी सगळ्यात जोरात करायला पाहिजे, नाहीतर लोक फीकडे वळतात ते त्या रागानंच. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा शहरातली किती माणसं रस्त्यावर उभी राहून रडत होती. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेली वास्तू, शेजारी खासबागचं मैदान. त्या रात्री प्रत्येकाला ती आपली वाटत होती. मग आपल्या दलाकडे किती गाड्या आहेत, किती जागा रिकाम्या आहेत, हे विचारायचा हक्कही आपलाच. घरफाळ्याच्या बिलातल्या अग्निशमनाच्या रकान्यातून किती जमलं आणि किती खर्च झालं, एवढं पानभर महापालिकेनं दरवर्षी लावावं, यासाठी मी माझ्या भागातून अर्ज देणार आहे. अजून कुणी येणार असेल तर कळवा.

हद्दीबाहेरच्या गावांबद्दल माझी सूचना अशी. घराघराची फी नको. गावानं गाव म्हणून द्यावं. लोकसंख्येप्रमाणे किंवा घरांच्या संख्येप्रमाणे एक वार्षिक रक्कम ठरवावी, ती ग्रामपंचायतीनं द्यावी, आणि त्या गावात कुणाचंही घर पेटलं तरी बंब जावा. ज्या गावानं रक्कम दिली नाही तिथंही बंब जावा, थकबाकीचा वाद दोन कार्यालयांत मिटवावा, आगीच्या जागी नाही.

अर्थशास्त्र_शिकवते

यात एक कायदेशीर गुंता आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांत अग्निशमन सेवा लिहिलेली आहे. अकराव्या अनुसूचीतल्या पंचायतींच्या २९ विषयांत ती नाही. म्हणजे पाचगाव किंवा उचगाव, जिथं आता शहरासारखी वस्ती आहे, तिथं हे काम नक्की कुणाचं यावर कागद गप्प आहे. २०१७ मध्ये शहराभोवतीच्या ४२ गावांसाठी विकास प्राधिकरण केलं, बांधकाम परवानगीचं शुल्क तिकडं जमा होतं. नवी इमारत उभी राहताना घेतलेल्या पैशातून त्या इमारतीच्या आगीची सोय व्हावी, ही मागणी गावांनी प्राधिकरणाकडं करायला हवी.

पाचगावकर

हे पहिल्यांदा कुणीतरी आमच्या बाजूनं विचार करून लिहिलं.

ग्रामपंचायतीची अडचण सांगतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला मोठा भाग, ६० टक्के, पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला असायचा. तो बंबाकडं वळवता येत नव्हता. उरलेल्यात गटारं, दिवे, रस्ते. पण गावाच्या घरफाळ्यात थोडी वाढ करून अग्निशमनाची रक्कम काढा असं कुणी ग्रामसभेत मांडलं, तर मी हात वर करणार. लोक विचारतील ते दोनच प्रश्न: रक्कम किती, आणि आमच्या बाजूला एखादी गाडी कायम उभी राहणार का. शहरातून निघालेली गाडी संध्याकाळच्या गर्दीतून आमच्यापर्यंत येईस्तोवर काय उरणार?

निवृत्त जवान

पाचगावकर, गाडी लगेच मिळणार नाही, माणसं आणि जागा लागते. पण ग्रामसभेत त्याबरोबर अजून एक मागा, त्याला खर्च कमी आहे. टाकी रिकामी झाली की बंब भरायला शहरात परत जावं लागतं, आणि तेवढ्यात आग पुन्हा भडकते. तुमच्या गावच्या पाण्याच्या टाकीला बंब भरता येईल असं जाड तोंडाचं कनेक्शन काढून घ्या, आणि तिथपर्यंत मोठी गाडी जाईल असा रस्ता मोकळा ठेवा. कपलिंगचं माप आधी दलाला विचारून घ्या, नाहीतर ऐनवेळी होज बसत नाही. टाकीच्या चाव्या कुणाकडं असतात त्याचं नाव आणि फोन नंबर दलाकडं लिहून ठेवा, आणि तो माणूस बदलला की कळवा.

पाचगावकर

हे मी लिहून घेतलं काका. टाकीपर्यंतचा रस्ता अरुंद आहे, कोपऱ्यावर एक टपरी पुढं आलीय. बघतो काय करता येतंय ते.